चाळिशीनंतरची न्याहारी: पदार्थ तेच, ताट आधी स्वतःचं

सकाळी साडेनऊला घरातल्या बाईला "नाश्ता झाला का?" असं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर येतं, "झाला की, सगळ्यांचा." डबे गेलेले असतात, सासऱ्यांची बीपीची गोळी देऊन झालेली असते. तिच्या स्वतःच्या पोटात मात्र दोन कप चहा, चार बिस्किटं आणि कढईच्या तळाला उरलेले चमचाभर पोहे. विशी-तिशीत हे खपून जातं. पंचेचाळिशीत खपत नाही.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास थांबते, पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. त्याआधीची काही वर्षंही अनियमित पाळीची आणि कधी कधी जास्त रक्तस्रावाची असतात. या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होत जातं. मग हाडांची झीज वेगाने सुरू होते, आणि पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सर्वाधिक असते. नितंब-मांड्यांवर बसणारी चरबी पोटावर सरकते. वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. वयानुसार स्नायू घटत असतातच, त्यामुळे तेवढंच खाऊनही वजन चढतं आणि साखर पूर्वीसारखी आटोक्यात राहत नाही. यातलं सगळं काही न्याहारीने थांबणार नाही. पण दिवसातलं हे एक खाणं असं आहे की त्यात काय असावं हे बहुतेक घरांत बाईच ठरवते, आणि नेमकं तेच ती स्वतःसाठी ठरवत नाही.

यासाठी ओट्स, चिया, महागडे प्रोटीन पावडरचे डबे यांतलं काहीही आणायची गरज नाही. भाजणी, मटकी, मूग, दही, शेंगदाणे, ज्वारी, तीळ हे सगळं घरात आहेच. बदलायचंय ते प्रमाण, क्रम आणि वेळ.

न्याहारी केलीच पाहिजे का?

हा प्रश्न आधी मिटवू, कारण दोनच वेळा जेवायची पद्धत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. सकाळी न खाल्ल्याने वजन वाढतंच, असं सरसकट म्हणता येत नाही. काहीजणींना अकरा वाजता पोटभर जेवणं मानवतं. अशांनी बळेच आठला खाऊ नये. पुढचा प्रथिनांचा हिशोब त्या पहिल्या जेवणाला लावावा. बहुतेकींची गत मात्र वेगळी असते. त्या उपाशी राहत नाहीत, चहा-बिस्किट, खारी, मुलाच्या डब्यातली उरलेली पोळी असं चरत राहतात. त्याला दोन वेळचं जेवण म्हणत नाहीत. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय न्याहारी चुकवायची नाही.

"सकाळी भूकच लागत नाही" ही तक्रार असेल तर रात्रीचं जेवण पाहा. मालिका संपल्यावर साडेदहाला जेवलं, तर सात वाजता भूक कुठून लागणार? रात्रीचं जेवण तास-दीड तास अलीकडे आणलं की बहुतेकींना आठवड्याभरात सकाळची भूक जाणवू लागते.

पहिली पायरी: गोळ्यांचं वेळापत्रक

न्याहारीच्या लेखात गोळ्या आधी का? कारण या वयात थायरॉइडची गोळी असलेल्या बायका प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक वाडीत आहेत, आणि ती गोळी कशी घ्यायची यावर सकाळचं सगळं गणित अवलंबून आहे.

थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, अनशापोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर काही नाही. चहासुद्धा नाही, दूध तर नाहीच. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. या तीन गोळ्या एकाच डबीत, एकाच घोटात घेतल्या जातात, आणि मग "गोळी घेते तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही" म्हणून डोस वाढत राहतो. साधी मांडणी अशी: थायरॉइड सकाळी सहाला, न्याहारी सात-साडेसातला, लोह असेल तर दुपारच्या जेवणाच्या आधी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एकत्र घ्यायचं नाही. कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी असाल तर आणखीच. वर्षातून एकदा तपासून घ्या.

दुसरी पायरी: चहा हलवायचा

चहा सोडा असं सांगणारा लेख कोणी पुरता वाचत नाही, आणि ते योग्यच आहे. चहा सोडायचा नाही, हलवायचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाळी थांबण्याआधीच्या वर्षांत रक्तस्राव वाढला की साठा आणखी रिकामा होतो. पाळी चालू असलेल्या स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. पाळी थांबल्यावर ही गरज १९ वर येते. चहातलं टॅनिन धान्य-कडधान्यांतल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते शरीरात जाऊ देत नाही. म्हणून याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे.

आपल्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं, म्हणजे रीत अगदी शहाणपणाची. आणि लगेच त्या पोह्यांबरोबर कपभर उकळलेला चहा घेऊन आपण ती कमाई घालवतो.

जमेल अशी मांडणी: उठल्यावर पाणी. पहिला चहा हवाच असेल तर अर्धा कप, बिस्किटाशिवाय, न्याहारीच्या तासभर आधी (थायरॉइडवाल्यांनी गोळीचं अंतर पाळून). दुसरा चहा साडेनऊ-दहाला, सगळे गेल्यावर, निवांत. अंगात एकदम गरम वाफा येत असतील, घाम फुटत असेल, तर कढत चहा आणि फार तिखट खाल्ल्यावर ते वाढतं का यावर आठवडाभर लक्ष ठेवा. सगळ्यांना होतं असं नाही, पण ज्यांना होतं त्यांना चहा कोमट करून प्यायल्यानेही फरक पडतो.

तिसरी पायरी: प्रथिनांचा हिशोब

सगळ्यात मोठी गोची इथे आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. वय वाढेल तसे स्नायू टिकवायला थोडी जास्त, किलोमागे ग्रॅमभर, घ्यावी असं अनेक तज्ज्ञ सांगतात. यातली १५ ते २० ग्रॅम सकाळी पोटात गेली, तर दुपारी आणि रात्री ओढाताण होत नाही, आणि अकरा वाजता हात फरसाणाच्या डब्याकडे जात नाही.

आता आपल्या ताटात किती असतात ते पाहा. प्लेटभर पोह्यांत कोरडे पोहे ५० ग्रॅम धरले तर साडेतीन-चार ग्रॅम प्रथिनं; चमचाभर शेंगदाण्यांची आणखी दोन-अडीच. झाले सहा. प्लेटभर उपम्याचीही साधारण तीच कथा. चार बिस्किटांत जेमतेम दीड-दोन. आणि साबुदाण्यात? जवळपास शून्य.

मग भर कशाने घालायची? हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवायच्या लायकीचे आहेत: एक अंडं ६ ग्रॅम. वाटीभर दही ५. पेलाभर, म्हणजे २०० मिली, दूध साडेसहा. मूठभर शेंगदाणे (२५ ग्रॅम) ६. पनीर ५० ग्रॅम घेतलं तर ९. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ साधारण ७. बेसन ५० ग्रॅम घेतलं तर १०-११. यातल्या कोणत्याही दोन गोष्टी रोजच्या पदार्थाला जोडल्या की हिशोब जुळतो. रोज दोन भर, एवढंच लक्षात ठेवायचं.

शेंगदाण्यांच्या बाबतीत मात्र हात आवरा. मूठभरात दीडशे कॅलरी जातात, आणि आपल्या कुटाला मोजमाप नसतं.

चौथी पायरी: आपलेच पदार्थ, थोडे हलवून

पोह्यांपासून सुरुवात करू. कोरडे पोहे नेहमीपेक्षा मूठभर कमी घ्या आणि फोडणीत कांद्याबरोबर वाटीभर मोडाची मटकी किंवा मटार परता. वर लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं चमचाभर, शेव नको. शेजारी वाटीभर दही. नागपूरकरांनी हे फार आधी सोडवलंय: तर्री पोह्यांतली हरभऱ्याची तर्री म्हणजे प्रथिनांची भरच. फक्त तर्रीवरचं तेल वाटीत ओतून घेऊ नका, हरभरे घ्या.

कोकणात घावन आणि आंबोळी म्हणजे मुख्यतः तांदूळ. नुसत्या चटणीबरोबर खाल्लं तर दहा वाजता पुन्हा भूक लागते. मालवणी घरांत आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबार करतात, ते सणावारी ठेवू नका. वाटाणे आदल्या रात्री भिजवले की सकाळी कुकरला काम होतं. गोव्यात पातळ भाजी असतेच. तिच्यासोबत मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई घ्या आणि भाजीची वाटी पावापेक्षा मोठी ठेवा. मिसळही वर्ज्य नाही. उसळ दोन वाट्या, फरसाण चिमूटभर, पाव एक. कोल्हापुरात हे म्हणायला धीर लागतो, हे मान्य.

थालीपीठ सगळ्यांत भरवशाचं. त्यात ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ आणि हरभरा-उडदाच्या डाळी एकत्र येतात, म्हणून धान्यात कमी असलेली प्रथिनांची घटकद्रव्यं डाळ भरून काढते. भाजणी करताना तांदूळ निम्मे करा आणि तेवढी हरभरा डाळ आणि उडीद डाळ वाढवा. चवीत फरक पडत नाही, थालीपीठ उलट खमंग होतं. कांद्याबरोबर मेथी किंवा कोबी किसून घाला, मळताना चमचाभर तीळ घाला. दह्याबरोबर एक मोठं थालीपीठ पुरे. लोण्याचा गोळा रोज नको, रविवारी खुशाल घ्या.

आणि मुगाचं धिरडं. घाईच्या सकाळीसाठी माझं मत यालाच. वाटीभर सालीचे मूग किंवा मूगडाळ आणि दोन चमचे तांदूळ रात्री भिजवा. सकाळी पाणी काढून आलं, हिरवी मिरची, जिरं, हिंग घालून वाटा. पीठ सरसरीत, पळीवरून सहज घसरेल इतपत पातळ हवं. मीठ आणि भरपूर कोथिंबीर घाला. बिडाचा तवा तापवून आधी पाण्याचा हबका मारा, मग चमचाभर तेल पसरा, पीठ घालून झाकण ठेवा. कडा सुटल्या की उलटा. बिडाच्या तव्यातून थोडं लोहही पदार्थात उतरतं, म्हणून नॉनस्टिक माळ्यावर टाकायला हरकत नाही. वाटीभर मुगात सहा-सात धिरडी होतात. दोन धिरड्यांत नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं, वर वाटीभर दही, झाले पंधरा. उरलेलं पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं.

अंडी खात असाल तर काम सोपं: दोन अंड्यांची कांदा-टोमॅटो घालून बुर्जी आणि ज्वारीची एक भाकरी. भाकरी रात्रीची असली तरी चालेल. फोडणीची पोळी, म्हणजे कुस्करा, हाही वाईट नाही. पोळी एक, त्यात मूठभर मोड आणि शेंगदाणे, शेजारी ताक. शिळं म्हणून ते बाईच्या वाट्याला येतं ही वेगळी गोष्ट. ते सगळ्यांनी वाटून खावं.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी उसळ, अंडं किंवा दही-काकडी, मग पोहे किंवा भाकरी. असं केलं की जेवणानंतरची साखर कमी चढते. खाऊन झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, मग ते गॅलरीत कपडे वाळत घालणं का असेना. फळ असलं तर अख्खं खा. रस काढला की चोथा आणि चावणं दोन्ही जातं. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि हंगामात तो स्वस्तही असतो.

हाडांसाठी: नाचणी, तीळ आणि दुधाचं खरं गणित

पाळी थांबल्यावर कॅल्शियमची गरज रोज १००० वरून १२०० मिलिग्रॅमवर जाते. इथे नाचणीचं नाव सगळे घेतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं, पण एका भाकरीला आपण ४० ग्रॅम पीठ घेतो, म्हणजे साधारण १४०. त्यातलंही सगळं शोषलं जात नाही, कारण नाचणीतलं फायटेट नावाचं द्रव्य ते अडवतं. नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व केलं तर फायटेट कमी होतं; आजीबाई बाळाला तेच देत असत. पेलाभर दुधात २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, वाटीभर दह्यात त्याहून थोडं कमी. तेव्हा नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात किंवा ताकात करा, आंबील म्हणून. गूळ अर्धा चमचा, किंवा नकोच.

तिळाला मात्र आपण संक्रांतीपुरतं ठेवून अन्याय करतो. बिनसोललेल्या तिळाच्या एका मोठ्या चमच्यात शंभराच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अख्खे तीळ तसेच निघून जातात, म्हणून भाजून कुटायचे. तीळ, जवस आणि कारळं समप्रमाणात भाजून, लाल तिखट, लसूण, मीठ घालून कोरडी चटणी करा. भाकरीवर, थालीपिठाबरोबर, उपम्यावर रोज दोन चमचे. हंगामात शेवग्याचा पाला मिळाला तर धिरड्याच्या पिठात टाका.

ड जीवनसत्त्व न्याहारीतून फारसं मिळत नाही. ते उन्हातून किंवा तपासणी करून डॉक्टरांनी दिलेल्या औषधातून.

उपासाची सकाळ

या वयातल्या कितीतरी बायका आठवड्यातून एक-दोन उपास करतात. वर संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपास करावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण साबुदाण्याच्या खिचडीला हलका आहार म्हणणं थांबवलं पाहिजे. निव्वळ स्टार्च, वर तूप, वर बटाटा.

पर्याय उपासाच्या यादीतच आहेत. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, काकडी किसून. राजगिऱ्यात तेरा-चौदा टक्के प्रथिनं असतात. भगर आणि दाण्याची आमटी, सोबत वाटीभर दही. खिचडीच हवी असेल तर साबुदाणा निम्मा, कूट थोडं जास्त, दही नक्की, आणि बटाट्याऐवजी लाल भोपळा. निर्जळी किंवा दिवसभर कडक उपास आणि मधुमेहाची औषधं एकत्र चालू ठेवू नका. डोस बदलावा लागतो आणि तो स्वतः बदलायचा नसतो.

तयारी रात्रीची आणि रविवारची

सकाळी सहा वाजता कुणालाही शहाणपण सुचत नाही, म्हणून निर्णय आदल्या रात्री व्हायला हवा. रात्री ओटा पुसताना एक वाटी काहीतरी भिजत घालायचं, ही सवय लागली की अर्धी लढाई संपते. सोमवारी मटकी भिजवली, मंगळवारी फडक्यात बांधली, बुधवारी मोड तयार. ते फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. रविवारी कोरडी चटणी, भाजणी संपत आली असेल तर तिची तयारी, आणि चार-सहा अंडी उकडून ठेवणं.

ज्यांना सहा-चाळीसची लोकल पकडायची आहे, त्यांनी घरी खायचा अट्टहास करू नये. मुलांसारखाच आपलाही डबा भरा: दोन धिरडी, किंवा उकडलेली अंडी आणि पोळी, किंवा मोडाची उसळ आणि खाकरा. ऑफिसात पोचल्यावर चहाआधी तो उघडायचा. उसळीने पोट फुगत असेल तर सुरुवात पाव वाटीने करा, भिजवलेलं पाणी फेका, हिंग-आलं घाला, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

घरातल्यांना सांगायची गोष्ट एकच: आठ वाजता बाई खायला बसणार. त्या पंधरा मिनिटांत कुणाला मोजे सापडले नाहीत तर त्याने शोधावेत. हे पहिल्या आठवड्यात कुणालाच आवडत नाही. दुसऱ्या आठवड्यात मोजे सापडू लागतात.

कुणी जपून करायचं

मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल, तर वरचा प्रथिनांचा हिशोब तुमच्यासाठी नाही. आहारतज्ज्ञांकडून स्वतःचा करून घ्या. रक्तदाब असेल तर लोणचं, पापड, फरसाण आधी बंद, कारण दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमपुरतं, म्हणजे सपाट चमचाभरच हवं.

न्याहारी सुधारूनही थकवा महिनाभर तसाच राहिला तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) एवढ्या तपासण्या करा. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, अगदी थेंबभर, तरी वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्याचा खाण्याशी काही संबंध नसतो.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त चहा हलवा आणि काय खाल्लं ते वहीत लिहा. दुसऱ्या आठवड्यात एक भर, तिसऱ्यात दुसरी. वहीत गोळ्यांच्या वेळाही लिहा, आणि पुढच्या तपासणीला जाताना रिपोर्टबरोबर ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.